मृगाआधीचे काम : हापूसच्या कोयकलमांची तयारी

हापूसची काढणी आटोपत आली की कोकणातल्या रोपवाटिकेत वेगळीच धांदल सुरू होते. कोयकलमे बांधायची ती जून-जुलैत, कारण हवेतला ओलावा वाढल्यावर जोड चांगला धरतो. मात्र त्या वेळी कोवळे खुंट आणि भरलेल्या डोळकाड्या एकाच आठवड्यात हाताशी असाव्या लागतात. म्हणून कलमाचा दिवस आधी ठरवावा आणि मेमधली कामे त्यावरून उलटी मोजत आणावीत.

बाठ्यांची पेरणी
खुंटासाठी रायवळ आंब्याचे ताजे बाठे घ्यावेत. ते उन्हात सुकले किंवा महिनाभर ढिगात पडून राहिले की उगवण झपाट्याने घटते. गर धुऊन बाठे पाण्यात टाकावेत आणि तरंगतील ते काढून टाकावेत. उगवायला 2 ते 3 आठवडे लागतात. त्यानंतर 10 ते 15 दिवसांचे, तांबूस पानांचे रोप कलमाला योग्य असते. म्हणजे 25 मेच्या सुमारास, रोहिणी लागताना पेरलेले बाठे जूनच्या उत्तरार्धात कामाला येतात. सगळे एकदम पेरू नयेत. आठ-आठ दिवसांच्या अंतराने टप्पे पाडले, तर बांधणाऱ्या माणसांवर ताण येत नाही आणि रोपे जून होऊन वाया जात नाहीत. गादीवाफे उंच ठेवावेत व भोवती चर काढावा, नाहीतर पहिल्याच मोठ्या सरीत बाठे कुजतात.

माती आणि पिशव्या
पिशव्यांसाठी आणलेली माती मेच्या आरंभीच ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली उन्हात तापत ठेवावी. 4 ते 6 आठवड्यांत बरीचशी रोगकारक बुरशी आणि तणाचे बी मरते. नंतर त्यात पूर्ण कुजलेले शेणखत मिसळावे. कच्च्या खताबरोबर हुमणी आणि वाळवी येते. पिशव्या पावसाआधी भरून ठेवाव्यात, कारण चिखल झालेली माती पिशवीत घट्ट बसते आणि मुळांना हवा मिळत नाही. तळाची भोके उघडी आहेत ना, हेही पाहावे.

डोळकाडी
मातृवृक्ष दरवर्षी भरवशाने धरणारा आणि निरोगी असावा. 3 ते 4 महिन्यांची, शेंड्याचा डोळा फुगू लागलेली काडी निवडावी. कापण्यापूर्वी 8 ते 10 दिवस तिची पाने देठ राखून छाटावीत. इथेच घाई नडते. पाने काढली की डोळा फुटायच्या मार्गाला लागतो आणि मग तो खुंटासाठी थांबत नाही. म्हणून वाफ्यात कोंब वर आलेले दिसल्याशिवाय झाडावर कात्री चालवू नये.

गेल्या वर्षीची कलमे
मेअखेर ऊन आणि उष्ण वारा दोन्ही तीव्र असतात. पिशव्यांना सकाळी लवकर किंवा संध्याकाळी पाणी द्यावे. भर दुपारी पाइपात तापलेले पाणी मुळांवर सोडू नये. विक्रीच्या कलमांवरची सावली टप्प्याटप्प्याने कमी करावी. शेडनेटखालून थेट उघड्यावर आणलेल्या रोपांची पाने करपतात. पिशवी फोडून जमिनीत गेलेली मुळे ढगाळ दिवशी छाटावीत आणि ती रोपे काही दिवस सावलीतच ठेवावीत. जोडाखालून खुंटाला आलेले फुटवे दिसताच खुडावेत.

लागवडीचे खड्डे
नवी बाग करणाऱ्यांनी 1 मीटर लांब, रुंद व खोल खड्डे काढून उन्हात तापू द्यावेत. पाऊस सुरू होण्यापूर्वी चांगली माती, 3 ते 4 घमेली शेणखत आणि सुमारे 2 किलो सिंगल सुपर फॉस्फेट यांनी ते भरावेत. भरलेली माती पावसात खाली बसते, तेव्हा भर जमिनीपेक्षा थोडी उंच ठेवावी.

मृग कोरडा गेला तर कलमे बांधण्याची घाई करू नये. वाफे सावलीत आणि ओले ठेवावेत. पेरणीची तारीख प्रत्येक वाफ्यापाशी पाटीवर लिहावी. कोणत्या झाडाची पाने कधी छाटायची, हे मग त्या पाटीवरूनच ठरवता येते.