पक्षाघाताची भीती आणि सॉफ्टनरचं पाणी

बोअरचं जड पाणी पिऊन शिरा चोंदतात, हा समज आपल्याकडे पक्का आहे. घरात कुणाला पक्षाघात झाला की सोसायटीत सॉफ्टनरची चर्चा सुरू होते. भांड्यांवर पांढरा थर धरतो तसा रक्तवाहिन्यांतही धरत असणार, असं वाटणं साहजिक आहे, पण शिरा प्रामुख्याने कोलेस्टेरॉलने चोंदतात आणि ते पाण्यातून येत नाही. उलट जपानमध्ये जून कोबायाशी यांनी 1957 साली नद्यांचं पाणी आणि पक्षाघाताचे मृत्यू ताडून पाहिले, तेव्हा मृत्यू जास्त दिसले ते आम्लधर्मी पाण्याच्या भागांत, जड पाण्याच्या नव्हे. अर्थात, तेवढ्याने जड पाणी औषध ठरत नाही. त्याच जपानच्या ईशान्येकडे, अकितासारख्या भागात, लोकांच्या पोटात मिसो आणि खारवलेल्या भाज्यांतून बेसुमार मीठ जात होतं. मीठ कमी झालं, रक्तदाबावर उपचार सुरू झाले आणि मृत्यू उतरत गेले.

म्हणून मला काळजी वाटते ती सॉफ्टनरची. टाकीत मिठाच्या गोण्या रिकाम्या करतात त्या उगाच नव्हे: यंत्र कॅल्शियम-मॅग्नेशियम काढतं आणि बदल्यात सोडियम सोडतं. लिटरला 400 मिलिग्रॅम जडपणा काढला की साधारण 184 मिलिग्रॅम सोडियम वाढतं. दिवसाला अडीच लिटर पाणी म्हणजे सव्वा ग्रॅमच्या आसपास मीठ, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात 5 ग्रॅमच्या आत राहा म्हणते. कुणी म्हणेल, एवढं तर लोणच्यातूनही जातं. जातं, पण रक्तदाबाच्या रुग्णाचं लोणचं आपण बंद करतो. हे मीठ मात्र जिभेला फारसं लागत नाही आणि वरण-भातातूनही पोटात जातं. टीडीएस मीटरवर विसंबणंही चूक, कारण तो क्षार मोजतो, कोणता क्षार ते सांगत नाही. अकोला-अमरावतीच्या खारपाण पट्ट्यात तर पाणी मुळातच खारं, तिथे आरओ गरजेचाच आहे.

सॉफ्टनर न्हाणीघरासाठी, कपड्यांसाठी खुशाल वापरावा; स्वयंपाकघराचा नळ मात्र त्याच्या आधीच्या पाइपवर घ्यावा, किंवा सॉफ्टनरचं पाणी आरओतून काढावं. बोअरचं पाणी प्रयोगशाळेत देताना सोडियमही तपासायला सांगावं. आणि पाणी कसंही असो, तिशीनंतर दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजून घ्यावा. पक्षाघाताचं सर्वांत मोठं कारण तिथे सापडतं.