नवा लॅपटॉप घेण्याआधी

बोरिवली (पश्चिम)

चि. मनूस,

तू पाठवलेले दोन्ही लॅपटॉपचे तपशील नीट वाचले. महागड्यात थंडरबोल्ट ४ (वायर लावायचं वेगवान पोर्ट) आणि वाय-फाय ७ आहे, स्वस्तात ते नाही, बाकी दोन्ही जवळपास सारखेच. पोरीला पुढे काही कमी पडायला नको म्हणून भाऊजी महागडाच घ्यायच्या विचारात आहेत, असं ताई म्हणाली. एवढा वेग मला लागेल का, असं तू विचारलंस. वायरचा थोडा लागेल, वाय-फायचा लागणार नाही, आणि वाचणारे पैसे दुसरीकडे घालायला हवेत, हे माझं मत. कारणं सविस्तर लिहितो, कारण पुढे प्रत्येक खरेदीच्या वेळी हा प्रश्न तुझ्यासमोर येईल आणि तेव्हा तुझा तुलाच निर्णय घेता यायला हवा.

वेगाला महत्त्व नाही असं मी म्हणणार नाही. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने मुंबईसह मोजक्या शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. तेव्हा फोनच्या तारेवरून ९.६ केबीपीएस मिळाले तरी लोक खूश असत. पाच एमबीचं एक गाणं (एमबी बाइटांत मोजतात, केबीपीएस-एमबीपीएस बिटांत, आणि आठ बिटांचा एक बाइट) त्या वेगाने उतरवायला तासाभराहून जास्त वेळ लागतो, आणि तेवढा वेळ घरचा फोन अडकलेला. २००४च्या धोरणात सरकारने २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं, पुढच्या वर्षी एमटीएनएलचं ट्रायबँड आलं आणि तेच गाणं तीन मिनिटांच्या आत उतरू लागलं. रेल्वेचं आरक्षण, परीक्षेचे निकाल, परदेशातल्या मुलाचा चेहरा, सगळं घरात आलं. आता १०० एमबीपीएसवर त्या गाण्याला अर्धा सेकंदही लागत नाही, आणि १ जीबीपीएस घेतलं तर त्याचाही दहावा हिस्सा. तासाची तीन मिनिटं झाली ते घराघराला कळलं; अर्ध्या सेकंदाचा दहावा हिस्सा झाला तर त्याने कुणाच्याही दिवसात काही फरक पडत नाही. म्हणून कुठलाही नवा आकडा समोर आला की आधी स्वतःला विचार, या कामात मी आज किती वेळ वाट पाहते? वाटच पाहत नसशील तर नवा आकडा तुला काहीही देणार नाही.

आणि वाट पाहत असशील, तर ती नेमकी कुठे पाहतेस तेही शोध. वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो २०१४ साली सुरू झाली. साडेअकरा किलोमीटरचं अंतर रस्त्याने जायला तास लागायचा, ते वीस-बावीस मिनिटांवर आलं. पण संध्याकाळी घाटकोपरला उतरल्यावर पूल आणि जिना यांतच माणूस अडकतो. मेट्रो आणखी दुप्पट वेगाने पळवली तरी जिना तेवढाच राहणार. संगणकातही माहिती अशीच अनेक टप्प्यांतून जाते आणि सगळ्यांत अरुंद टप्पा तिचा वेग ठरवतो. दुकानदार तुला सगळ्यांत रुंद टप्पा दाखवतो.

तुमच्या मुलुंडच्या घराचंच घे. प्लॅन २०० एमबीपीएसचा आहे आणि तुझ्या खोलीत व्हिडिओ अडकतो. राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे ठेवलाय, तुझी खोली दोन भिंती पलीकडे. आपल्या इमारतींच्या काँक्रीटच्या भिंतींतून ५ गिगाहर्ट्झची लहर फार लांब जात नाही. २.४ गिगाहर्ट्झची जाते, पण तिच्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल फक्त तीन, १, ६ आणि ११, आणि तुमच्या मजल्यावर, वर आणि खाली मिळून डझनभर राउटर त्या तिघांतच गर्दी करून आहेत. त्यातच स्वस्त राउटरची वायरची पोर्ट अजूनही १०० एमबीपीएसचीच असतात, म्हणजे प्लॅन २०० असो वा ३००, आत येतात १००च्या आतच. अशा घरात वाय-फाय ७चा लॅपटॉप आणलास तरी तो समोरच्या जुन्या राउटरशी जुन्याच रीतीने बोलेल. राउटर टीव्हीमागून काढून पॅसेजमध्ये उंचावर ठेवा, केबलवाल्याला सांगून गिगाबिट पोर्टचा राउटर मागून घ्या, आणि तुझ्या टेबलापर्यंत साधी कॅट-५ई वायर ओढून घे. ही वायर १ जीबीपीएस आरामात वाहते आणि भिंतींची तिला पर्वा नाही. एका एचडी चित्रपटाला साधारण ५ एमबीपीएस पुरतात. चौघांनी एकदम पाहिले तरी वीस. तुमच्या प्लॅनमध्ये काहीही कमी नाही.

लॅपटॉपला लावायच्या यूएसबी वायरची गोष्ट मात्र निराळी, कारण तू नुसती बघणारी नाहीस. कॉलेजच्या एकांकिका तू चित्रित करतेस आणि संकलनही तूच करतेस. चांगल्या कॅमेऱ्याचं ४के चित्रण साधारण १०० एमबीपीएसने साठतं. पाऊण तासाची एकांकिका तीन कॅमेऱ्यांनी टिपली की झाले १०० जीबी. यूएसबी २.० हे मानक एप्रिल २०००चं. कागदावर ४८० एमबीपीएस, प्रत्यक्षात सेकंदाला पस्तीस-चाळीस एमबी. त्यावर हे १०० जीबी उतरवायला पाऊण तास जाईल. २००८च्या यूएसबी ३.०वर, म्हणजे ५ जीबीपीएसवर, आणि बाहेरची एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) असेल तर चार-पाच मिनिटं. हा फरक खरा आहे. अंधेरीत लग्नाचं, मालिकांचं चित्रण करणारी मुलं रोज रात्री कार्डं रिकामी करत बसतात; त्यांना विचार, यूएसबी २ आणि ३मधला फरक म्हणजे त्यांची झोप.

पण तू कॅमेऱ्यात वापरतेस ते यूएचएस-१ जातीचं मेमरी कार्ड आहे. त्याची कमाल मर्यादाच सेकंदाला १०४ एमबी. ते कार्ड ५ जीबीपीएसच्या रीडरमध्ये घातलंस काय आणि ४० जीबीपीएसच्या थंडरबोल्टला लावलंस काय, १०० जीबी उतरायला अठरा-वीस मिनिटंच लागणार. फिरणाऱ्या तबकडीची हार्ड डिस्कही ५ जीबीपीएसच्या जवळपास जात नाही. तेव्हा १० जीबीपीएसचं एक टाइप-सी पोर्ट तुला पुढची कित्येक वर्षं पुरून उरेल आणि ते स्वस्त लॅपटॉपमध्ये आहे. ४० जीबीपीएस लागतात ते एकाच वायरीवर दोन मोठे पडदे आणि वेगवान डिस्कांची मालिका चालवणाऱ्या स्टुडिओंना. उद्या तू तिथे पोचलीस तर तेव्हा ते यंत्र घे. आजच घेऊन ठेवलेला वेग तोवर जुना झालेला असेल.

खरेदी करताना एका गोष्टीपासून सावध राहा, आणि याबद्दल मला मनापासून राग आहे. टाइप-सीचं तोंड पाहून आतला वेग कळत नाही. २०२३च्या आयफोन १५ला टाइप-सी आलं, पण साध्या मॉडेलमध्ये वेग तोच ४८० एमबीपीएसचा, तुझ्या जन्माआधीचा. १० जीबीपीएस दिले ते फक्त प्रोला. फोनसोबत येणारी चार्जिंगची वायरही बहुतेक वेळा त्याच जुन्या वेगाची. त्यावर नावांचा घोळ: २००८चं यूएसबी ३.० पुढे ३.१ जेन १ झालं, मग ३.२ जेन १ झालं, आणि आत तेच ५ जीबीपीएस. सामान्य माणसाने एवढं पाठ करावं ही अपेक्षाच चुकीची आहे. मानक ठरवणाऱ्या संस्थेलाही हे उमगलं असावं, कारण २०२२पासून तिने खोक्यावर आणि वायरवर सरळ वेगाचा आकडा छापायला सांगितलं आहे. लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत जाशील तेव्हा नाव विचारू नकोस, आकडा दाखवा म्हण. आकडा नसेल ती वायर चार्जिंगपुरती समज.

या सगळ्यात सामान्य माणसाला मानकांनी खरोखर काय दिलं, तर वेगापेक्षाही सारखेपणा. यूएसबी ज्या गटाने घडवलं त्यात इंटेलचे अजय भट्ट होते, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. घरच्या संगणकाला प्रिंटर जोडताना बायकोला होणारा त्रास पाहून हा विचार मनात आला, असं त्यांनी सांगितलं आहे. तो त्रास मी रोज पाहिलाय. प्रिंटरचं तोंड वेगळं, माउसचं वेगळं, मोडेमचं वेगळं. नवं काही जोडलं की यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायचं, आणि तरी ते चालेलच याची खात्री नाही. घाटकोपरच्या एखाद्या छोट्या ऑफिसात प्रिंटर जोडून द्यायला तेव्हा माणूस बोलवावा लागे. १९९६ साली यूएसबीची पहिली आवृत्ती आली तेव्हा तिचा वेग १२ एमबीपीएस होता, आजच्या मानाने काहीच नाही, पण तिने तुझ्या आजीच्या वयाच्या माणसालाही स्वतः प्रिंटर लावता येईल अशी सोय केली. इंटेलने ते तंत्र स्वामित्वशुल्काविना सगळ्यांना वापरू दिलं, म्हणून ते घरोघरी पोचलं. युरोपीय महासंघाने २८ डिसेंबर २०२४पासून नव्या फोनना टाइप-सी सक्तीचं केलं ते याच वाटेवरचं पुढचं पाऊल. आता घरात एका चार्जरवर तिघांचे फोन चालतात. नव्या मानकाची बातमी वाचशील तेव्हा किती वेगवान झालं याबरोबरच किती गोष्टी त्याला जोडता येतील, आणि तुझी जुनी डिस्क त्याला चालेल का, हेही पाहत जा.

आता पैशांचं. स्वस्त लॅपटॉप घे, त्यात १६ जीबी रॅम घालून घे. वाचतील त्यातून एक बाहेरची एसएसडी आणि एक साधी मोठी हार्ड डिस्क घे. एसएसडीवर काम कर, हार्ड डिस्कवर प्रत ठेव. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा तळमजल्यावरच्या कितीतरी घरांत फोटो आणि संगणक पाण्याखाली गेले. कुठल्याही वेगाच्या वायरीने ते परत आणता आले नाहीत. तुमचं घर दुसऱ्या मजल्यावर असलं तरी डिस्क पडते, चोरीला जाते, एक दिवस चालूच होत नाही. म्हणून प्रतीची ती हार्ड डिस्क मुलुंडला ठेवू नकोस. माझ्याकडे बोरिवलीत ठेव आणि दर एकांकिकेनंतर येऊन नवं चित्रण तिच्यात भरून जा. भाऊजींशी मी रविवारी फोनवर बोलतो. तोवर दुकानात पैसे भरू नका, आणि दोन्ही लॅपटॉपच्या डाव्या-उजव्या बाजूंचे जवळून फोटो काढून मला पाठव. प्रत्येक पोर्टशेजारी काय छापलंय ते मला वाचायचं आहे.

तुझा,
मामा