फ्लशच्या टाकीत एक बाटली

मोरबे धरणाची पातळी खाली गेली की ऐरोलीत पाणीकपातीची चर्चा सुरू होते. घरोघरी गेल्यावर आम्ही आधी संडासातली टाकी उघडायला सांगतो. जुनी टाकी एका फ्लशला दहा लिटर किंवा जास्त पाणी सोडते; नव्या दोन बटणांच्या टाकीत साधारण तीन आणि सहा लिटरांत काम भागते.

नवी टाकी परवडत नसेल तर एक लिटरची प्लॅस्टिकची बाटली पाण्याने भरा, झाकण घट्ट लावा आणि टाकीच्या कोपऱ्यात उभी ठेवा. आतल्या तरंगत्या गोळ्याला ती अडू नये. वीट नको, तिचा चुरा वॉशरखाली अडकून टाकी गळू लागते. घरात पाच माणसे, प्रत्येकाचे पाच फ्लश धरले तर महिन्याला ७५० लिटर वाचतात.

मात्र भांडे एका फ्लशमध्ये साफ झालेच पाहिजे. दोनदा फ्लश करावा लागला तर बाटली काढून टाका. पाणी कमी पडले की मैला पाइपात साचतो, चेंबर तुंबते. मग आत उतरायला कोणाला बोलावतात, हे आपल्याला कोणी सांगायला नको. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे गुन्हा आहे, तरी माणसे मरतात. सोसायटीच्या सभेत यंत्राचाच आग्रह धरा. पॅड, डायपर कागदात गुंडाळून वेगळे द्या, भांड्यात नको.

आणि हात धुताना काटकसर करू नका, साबण लावून नीट धुवा. साठवणीचे पिंप झाकून ठेवा, आठवड्यातून एकदा घासून कोरडे करा. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातही वाढतो.