होडी घेताना आधी गुडघ्याला विचार

बाळा,

मुंबईची नोकरी आटोपून तू गावी येतोयस आणि कर्लीच्या खाडीत गरवायला स्वतःची होडी घ्यायची म्हणतोयस, हे ऐकून फार बरं वाटलं. फोनवर मात्र तू दोनच गोष्टी विचारल्यास: किती फुटी घेऊ आणि किती हॉर्सपॉवरचं मशीन लावू. तुझी साठी उलटली, कमरेला पट्टा आहे, उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. म्हणून तुझे दोन्ही प्रश्न मी शेवटी घेतो. आधी तुझ्या अंगाचं बघू.

या वयात अंग दुखतं ते गरवताना नव्हे. गरी सोडून बसलं की दोन तास कसे जातात कळत नाही. दुखतं ते होडीत चढताना, उतरताना, मशीनची दोरी ओढताना, नांगर उचलताना आणि होडी वाळूवर घेताना. दिवसातला हा थोडासा वेळ, पण कंबर धरते ती याच वेळात. विकणारा तुला होडी पाण्यावर पळवून दाखवील. ते बघ, पण सौदा त्यावर करू नकोस. तिच्यात चढून-उतरून बघ, तेही एकदा नाही, लागोपाठ तीन-चार वेळा आणि कुणाचा हात न धरता.

देवबागच्या बाजूला होडी गुडघाभर पाण्यात उभी असते. तरणी पोरं काठावर तळवा टेकवतात आणि उडी मारतात. आपण तसं करायचं नाही. होडीकडे पाठ करायची, काठावर बूड टेकायचं, दोन्ही हातांनी काठ धरायचा आणि मग एकेक पाय आत घ्यायचा. बूड टेकायला टाचा उचलाव्या लागल्या तर काठ तुला उंच आहे. बूड टेकल्यावर होडी इतकी कलली की काठ पाण्याला लागला, तर ती अरुंद आहे. दोन्ही तुझ्या कामाच्या नाहीत. जेटीच्या पायऱ्यांवरून चढ-उतार असेल तर जिन्यासाठी डॉक्टर सांगतात तोच नियम: वर जाताना चांगला पाय आधी, खाली येताना दुखरा पाय आधी. आत पाऊल टाकायचं ते होडीच्या मधोमध, काठाजवळ कधीच नाही.

भरतीला होडी जेटीच्या बरोबरीने उभी असते, तेव्हा सगळं सोपं वाटतं. उधाणाच्या ओहोटीला तीच होडी खाली जाते. मुंबईला उधाणात भरती-ओहोटीत पाच मीटरच्या आसपास फरक पडतो. आपल्याकडे तो साधारण निम्मा, पण निम्मा म्हणजे सुद्धा पुरुषाहून जास्त उंची झाली. शेवाळ धरलेल्या पायरीवरून हातात मशीनची टाकी घेऊन उतरायचं म्हणजे काय, याचा विचार आधी कर. भांगाच्या दिवसांत हा फरक कमी असतो, म्हणून गुडघा दुखत असेल तर जायचे दिवस भांगाचे ठेव.

आता आतली गोष्ट. जुनी माणसं होडी घेताना आत उभी राहून काठाला मांडी लावून बघत. तूही बघ. ज्या फळीवर उभा राहणार तिथून काठ गुडघ्याच्या वर, अर्ध्या मांडीपर्यंत यायला हवा. मग जाळं ओढताना मांडी काठाला टेकते, अंगाचा भार लाकूड घेतं आणि कमरेला ताण पडत नाही. काठ गुडघ्याच्या खाली असेल तर दर हातामागे वाकावं लागतं. त्याहून वाईट म्हणजे लाट आली की माणूस काठावरून बाहेर जातो. विकत घेतलेल्या होडीत हा हिशेब जुळत नसेल तर तळातल्या फळ्या थोड्या वर-खाली बसवून जुळवता येतो. सुताराचं एका दिवसाचं काम आहे. मात्र फळ्या उंच केल्या की उभ्या माणसाचं वजनही वर जातं आणि होडी जास्त डोलते, तेव्हा दोन-तीन इंचांपलीकडे जाऊ नकोस.

तुला बोयटीसाठी एखादं छोटं जाळं टाकायचंच असेल तर ज्या बाजूने ओढणार तिथे काठावर लोखंडी सळई आणि तिच्यावर फिरणारा जाड पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवून घे. ओलं जाळं काठावर घासत ओढण्यात जो जोर जातो, त्यातला बराच वाचतो. पाग मात्र सोडून दे. पाग फेकताना कंबर आणि खांदा एकदम पिळतात, तुझ्या खांद्याला ते झेपणार नाही. शेंगटी लागली तर ती काढायला वाकू नकोस. लांब दांड्याची पक्कड ठेव. शेंगटीच्या काट्याचा दंश तुझ्या वयात आठवडाभर हात वापरू देत नाही.

रुंदीबद्दल नीट समजून घे, कारण इथे सगळे चुकतात. लांबी तीच ठेवून पाण्याच्या रेषेवरची रुंदी चारऐवजी पाच फूट केली, तर होडीचा कलायला होणारा विरोध जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून रुंद होडीत चढणं-उतरणं सोपं. पण फार रुंद आणि अगदी सपाट तळाची होडी झटक्याने डोलते. अरुंद होडी सावकाश इकडून तिकडे झुलते, सपाट होडी लाटेबरोबर चटकन उसळून परत येते आणि तो झटका थेट कमरेत बसतो. खाडीच्या शांत पाण्यात सपाट तळ चांगला. पण समोरून लाट असली की तो पाण्यावर आपटतो. तुझ्या कमरेला मधला मार्ग हवा: तळ मधे थोडा गोलसर, बाजू रुंद. उलांडीची, म्हणजे बाजूला तरतं लाकूड जोडलेली, जुनी होडी मिळाली तर ती डोलत नाही हे खरं, पण उलांडीच्या बाजूने चढता येत नाही, जाळंही ओढता येत नाही, आणि गर्दीच्या जेटीला ती अडते. तुला मी ती सुचवणार नाही.

लाकूड की फायबर, हा आपल्या किनाऱ्यावर नेहमीचा वाद. लाकडी होडीचं चालणं मऊ असतं, हे मी मान्य करतो. ती जड असते, लाटेवर बसते, उन्हात फायबरइतकी तापत नाही. पण लाकडाला दरवर्षी पावसाळ्याआधी तळ खरवडायचा, फटी बुजवायच्या, तेल द्यायचं. हे सगळं उकिडवं बसून. खाऱ्या पाण्यातला किडा लाकूड पोखरतो तो वेगळाच. फायबरला किडा लागत नाही, पाणी पीत नाही, म्हणून वजन वाढत नाही. तुझ्या गुडघ्यांसाठी फायबरच घे. तिच्या आपटण्याचा हादरा अंगाला कमी बसावा म्हणून तळात लाकडी फळ्या आणि त्यावर जाड रबरी मॅट टाक. पाय घसरत नाही आणि मशीनचा थरथराट पायातून कमी येतो. आतून रंग पांढराशुभ्र ठेवू नकोस. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना सकाळच्या उन्हात पांढरं फायबर बघवत नाही. फिका हिरवा किंवा करडा रंग दे.

बसायची फळी 16 ते 18 इंच उंच असू दे, गुडघा काटकोनात राहील इतकी. बसून हात न टेकता उठता आलं पाहिजे. बहुतेक होड्यांत फळ्या खाली बसवलेल्या असतात, कारण खाली बसल्याने होडी कमी डोलते. त्यांचं बरोबर आहे, पण खालून उठताना गुडघे कुरकुरतात. तुला एकच फळी उंच करून घ्यायची: मध्यापासून थोडी मागे. नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, लाट सगळ्यात जास्त उचलते आणि आपटते, मागच्या तिसऱ्या हिश्श्यात कमी. पाठीला टेकायला एक आडवी पट्टी ठोक आणि काथ्याची गादी ठेव. फोमची गादी पाणी शोषून घेते, नंतर वाळतच नाही.

मशीनचं ऐक. आठ-दहा हॉर्सपॉवरच्या आउटबोर्ड मशीनचं वजन साधारण 27 ते 40 किलो असतं. ते एकट्याने काढून खांद्यावर घरी न्यायचं स्वप्न बघू नकोस. दोन माणसं लागतील, नाहीतर ते होडीवर साखळीने कुलूपबंद ठेव. दोरी ओढून चालू होणारं मशीन तुझ्या उजव्या खांद्याला रोज त्रास देईल. बटणावर चालू होणारं घे, बॅटरीचा खर्च होऊ दे. घेणं जमलं नाही तर निदान दोरी ओढताना बसून ओढ, हात छातीच्या खालीच ठेव आणि कंबर वळवू नकोस. जमेल तर चार-स्ट्रोक घे. जड आणि महाग असतं, पण आवाज आणि थरथर कमी, आणि हाताला मुंग्या येणं त्यामुळे टळतं. सुकाणूचा दांडा आखूड असेल तर अंग सतत मागे वळलेलं राहतं. त्याला लांब नळी जोडून घे म्हणजे पुढे तोंड करून बसता येईल. मशीन बंद करायची जी लाल दोरी असते, ती मनगटाला बांधूनच निघायचं. माणूस पडला आणि मशीन चालत राहिलं, तर पंखा माणसाकडे फिरून येऊ शकतो.

नांगर पाच-सहा किलोच्या वर घेऊ नकोस. त्याऐवजी दोरी लांब सोड, पाण्याच्या खोलीच्या पाचपट. मग हलका नांगरही धरतो. दोरी बारीक नको. सांधेदुखीच्या बोटांना बारीक दोरी धरता येत नाही. बोटाएवढी जाड असू दे. नांगर नाळेवर जाऊन टाकायचा असतो, पण नाळेवर उभं राहणं तुझ्यासाठी धोक्याचं. नाळेवरच्या कडीतून दोरी ओवून ती तुझ्या बसायच्या जागेपर्यंत आण, तिथूनच सोड आणि ओढ.

वाळूवर होडी ओढणं हेच बहुतेकांच्या कमरेचा शेवट करतं. शक्य असेल तर खाडीत आतल्या बाजूला आडोशाला बांधून ठेवायची जागा बघ. जागा नसेल तर दोन चाकांची ट्रॉली करून घे, चाकं रुंद रबराची. माडाचे ओंडके टाकून ढकलणं चार माणसं असतील तरच.

एक गोष्ट लाजून कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त लागते, आणि म्हणून म्हातारे होडीवर जायच्या आधी पाणीच पीत नाहीत. उन्हात त्याने चक्कर येते. पाणी पी. रुंद तोंडाचा झाकणाचा डबा बरोबर ठेव आणि बसूनच वापर. काठावर उभं राहून लघवी करताना तोल जातो. मळमळ थांबवायची गोळी घेतलीस तर झोप येते, म्हणून ती पहिल्यांदा घरी घेऊन बघ.

आणि पडलास तर परत चढणार कसा? तरण्यालाही पाण्यातून काठावर स्वतःला खेचणं जड जातं. मागच्या बाजूला दोन-तीन पायऱ्यांची लोखंडी शिडी बसव, तिची खालची पायरी पाण्याखाली दीड-दोन फूट जायला हवी. लाइफ जॅकेट अंगावर असू दे, फळीखाली नको. तटरक्षक दलाचा 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093, दोन्ही नंबर मोबाइलमध्ये घाल आणि मोबाइल प्लास्टिकच्या पाकिटात गळ्यात अडकव.

कागदपत्रं थोडक्यात: जुनी होडी घेत असशील तर तिची नोंदणी, परवाना आणि नावाची बदली मत्स्यव्यवसाय विभागाकडून झाल्याशिवाय पैसे पुरे देऊ नकोस. मशीन लावलेल्या होडीला 1 जूनपासून पावसाळी बंदी असते. ती किती तारखेला उठते ते दरवर्षी शासनाच्या आदेशात बघ.

खाडीच्या तोंडाबाहेर तुला मी जाऊ देणार नाही. कर्ली जिथे समुद्राला मिळते तिथे वाळूचा दांडा सरकत असतो. दुपारी खारा वारा सुटला आणि त्याच वेळी ओहोटी बाहेर जात असली, की त्या दांड्यावर लाट उभी राहते. पहाटेच्या मतलई वाऱ्यात जा आणि ऊन चढायच्या आत परत ये. तांबोशी, बोयट, कुर्ल्या खाडीतच मिळतात.

आता तुझे दोन प्रश्न. 18 फुटी, पाण्यावर पाच फूट रुंद, तळ थोडा गोलसर, फायबरची. मशीन आठ ते साडेनऊ हॉर्सपॉवरचं, बटणाचं. पर्यटकांना फिरवून झालेल्या मोठ्या होड्या स्वस्तात मिळतील, त्यांचा मोह धरू नकोस. त्यांचा काठ उंच आणि मशीन जड, ती होडी तुला एकट्याला आवरणार नाही.

बयाणा देण्याआधी उधाणाच्या ओहोटीचा दिवस बघून मला कळव. मी बरोबर येईन, तू चढ-उतर करून दाखव, मग पैसे दे.