आरोप चौकात, माफी कानात?



गुढीपाडवा आला की आपल्या हिंगोली भागात सालगड्यांची नवी साले ठरतात. उचल किती, धान्य किती, हे सगळे आधी बोलून घेतले जाते. एक गोष्ट मात्र कोणी बोलत नाही. उद्या या माणसावर आळ आला तर मालक काय करील? विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला जाते, दुकानाच्या गल्ल्यात पैसे कमी भरतात, घरातली अंगठी सापडत नाही. आणि पहिली नजर जाते ती कामाच्या माणसावर. आज त्या नजरेविषयी थोडा विचार करू या.

उत्पत्तीच्या पुस्तकातील (अध्याय ३९) योसेफाची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. योसेफाच्या हाताला यश आहे हे पाहून पोटीफरने सारे घर त्याच्यावर सोपवले होते. मग पोटीफरच्या बायकोने खोटा आळ घेतला, पुरावा म्हणून योसेफाचे वस्त्र दाखवले. मालक संतापला आणि योसेफ तुरुंगात गेला. "तुझे काय म्हणणे आहे?" एवढा साधा प्रश्न मालकाने विचारल्याचे त्या अध्यायात कुठेच नाही. पोटीफर खोटे बोलला नाही. त्याने फक्त एकच बाजू ऐकली, आणि तेवढ्याने एका निरपराध माणसाची वर्षे गेली. पुढे फारोने योसेफाला वर काढले; पण पोटीफरने आपली चूक कबूल केल्याचे बायबलमध्ये आढळत नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी या प्रश्नावर फार व्यवहारी उत्तर दिले आहे. ते सांगतात की पुरेसे कारण नसेल तेव्हा दुसऱ्याच्या वागण्याचा चांगला अर्थ घ्यावा. असे करताना आपण कधी फसूही. तरीही वाईट माणसाला चांगले समजून अनेकदा फसणे परवडले. चांगल्या माणसाला वाईट ठरवून एकदाही चुकणे नको, कारण त्यात त्या माणसावर अन्याय होतो. याचा अर्थ चोरी झाकावी असा नाही. चौकशी जरूर करावी, पण ती खरी असावी. निकाल आधी ठरवून मग प्रश्न विचारणे म्हणजे चौकशी नव्हे.

आपल्या मराठवाड्यातलेच एक उदाहरण पाहा. एका खासगी शाळेतील शिक्षिकेला संस्थेने २००६ साली निलंबित केले आणि २००७ साली आरोप ठेवून कामावरून काढले. औरंगाबाद येथील शाळा न्यायाधिकरणाने २००९ साली तिच्या बाजूने निकाल दिला व मागचा पगारही देण्यास सांगितले. २०११ साली उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मागच्या पगाराचा भाग रद्द केला. शेवटी १२ ऑगस्ट २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण मागचा पगार देण्याचा आदेश दिला. न्यायालयाने दाखवून दिले की अन्यायाने काढलेल्या माणसाचे उत्पन्न आटते तेव्हा त्याचे सारे घर होरपळते. मुलांचे अन्न आणि शिक्षण सुटते. म्हणून चूक मालकाची असेल तर नुसती नोकरी परत देऊन भागत नाही, बुडालेला घासही भरून द्यावा लागतो. आज देशभरातील न्यायालयांत या निकालाचा दाखला दिला जातो.

चौकशी चालू असतानाही चूल पेटली पाहिजे, हे कायद्याला मान्य आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार मोठ्या आस्थापनांत निलंबित कामगाराची चौकशी साधारणपणे ९० दिवसांत संपवायची असते, आणि त्या काळात त्याला निम्मे वेतन निर्वाह भत्ता म्हणून द्यायचे असते. आपल्या शेतावर आणि स्वयंपाकघरात हे कलम पोचत नाही. तिथे आपली सदसद्विवेकबुद्धी हेच कलम.

पण घासापेक्षाही परत करायला अवघड असते ते नाव. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत एका सिनेनटावर घरात घुसून हल्ला झाला. संशयावरून मुंबईच्या एका ड्रायव्हरला रेल्वेने प्रवास करत असताना दुर्ग स्टेशनवर ताब्यात घेतले गेले. त्याचा फोटो देशभर दाखवला गेला. दुसऱ्याच दिवशी ठाण्यात दुसऱ्या माणसाला अटक झाली आणि हा सुटला. पण त्याने नंतर सांगितले की मालकाने कामावर येऊ नको म्हटले, आणि ज्या मुलीला पाहायला तो निघाला होता तिच्या घरच्यांनीही नकार दिला. पोलिसांनी सोडले, मालकाने मात्र सोडवले नाही. त्या दिवशी मालकाने एवढेच म्हटले असते, "हा माझा माणूस आहे, उद्यापासून कामावर येईल," तर कदाचित पुष्कळ काही वाचले असते.

ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो की कुणाच्या नावाला आपण धक्का लावला असेल तर भरपाई करणे हे कर्तव्य आहे, उघड भरपाई शक्य नसेल तेव्हाच ती गुप्तपणे करावी (क्र. २४८७). आपण नेमके उलट करतो. आरोप चौकात करतो आणि माफी कानात मागतो. ज्या चार माणसांसमोर "चोर" म्हटले, त्याच चार माणसांसमोर "चूक माझी होती" म्हणणे, ही खरी भरपाई. पापस्वीकारात क्षमा मिळते. पण सालगड्याचे नाव पारावर गेले असेल तर ते पारावर जाऊनच परत आणावे लागते.

या आठवड्यात घरी सर्वांनी मिळून विचार करावा :

१. आपल्या घरी, शेतावर किंवा दुकानात काम करणाऱ्यावर आपण कधी न विचारता संशय घेतला आहे का?

२. हरवलेली वस्तू नंतर सापडली तेव्हा आपण त्याला ते सांगितले का? कोणासमोर सांगितले?

३. संशयापोटी कोणाची मजुरी किंवा उचल अडवून ठेवली आहे का? ती कधी देणार?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुढच्या रविवारच्या आत द्यावे. ते फादरांना नव्हे, त्या माणसाला द्यावे.

तुमचा,
धर्मगुरू