वजन बेताचं, मग काळजी कसली?

प्रश्न : वय ४४, उंची १७० सेंटिमीटर, वजन ६८ किलो. हातपाय बारीक, पोट मात्र थोडं सुटलंय. कारखान्याच्या वार्षिक तपासणीत बीएमआय २३.५ निघाला आणि ‘वजन जास्त’ असा शेरा मिळाला. मोबाइलवरचं अ‍ॅप तोच आकडा ‘नॉर्मल’ दाखवतं. खरं कोणाचं मानू?
– एक वाचक, सातपूर, नाशिक

उत्तर : गणित दोघांचंही बरोबर आहे. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं : ६८ भागिले २.८९, म्हणजे २३.५. फरक आहे तो मर्यादेत. जगभर २५ पासून ‘वजन जास्त’ धरतात; भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये आपल्यासाठी ती रेषा २३ वर आणली आणि २५ पासून लठ्ठपणा मानला. तुम्ही कारखान्याचाच शेरा माना.

ही रेषा खाली का आली, ते पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या उदाहरणावरून कळतं. ते आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! आपली ठेवण अशीच आहे : स्नायू कमी, चरबी जास्त, आणि तीही पोटात. आतल्या अवयवांभोवती साठलेली ही चरबी इन्सुलिनचं काम बिघडवते. म्हणून अंगाने बारीक माणसालाही मधुमेह गाठतो.

बीएमआयला हाड, स्नायू, चरबी यांतलं काहीच वेगळं दिसत नाही. तालमीतल्या पैलवानाला तो लठ्ठ ठरवेल आणि पोट सुटलेल्या बारीक माणसाला सोडून देईल. म्हणून शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध ती गुंडाळा, श्वास सोडून मोजा. पोट आत ओढू नका. पँटचा नंबर यासाठी चालत नाही. आपण ती पोटाखाली बांधतो. पुरुषांत हा घेर ९० सेंटिमीटरच्या आत हवा.

घेर जास्त निघाला, तर रक्तातली साखर, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब तपासून घ्या. वजन ६६ किलोवर आलं, की बीएमआय २३ च्या खाली जाईल. म्हणजे दोनच किलोंचा प्रश्न आहे. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर रोज भरभर चाला, पण तेवढ्यावर थांबू नका. जोर-बैठकाही घाला. आपल्याला चरबी घटवायची आहे, तसे स्नायूही कमवायचे आहेत.