इंधनघटाची किंमत कशी काढतात?

हायड्रोजन आणि हवेतील ऑक्सिजन यांच्या संयोगातून थेट वीज निर्माण करणाऱ्या साधनास इंधनघट म्हणतात. या विजेवर मोटार चालते आणि धुराऐवजी पाणी बाहेर पडते. तथापि, असे वाहन सामान्य माणसाला परवडेल काय, याचे उत्तर कारखाने उभारण्यापूर्वीच शोधावे लागते. जी वस्तू अद्याप मोठ्या प्रमाणावर तयार होत नाही, तिचा उत्पादनखर्च काढावयाचा कसा?

भागागणिक हिशेब

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने असे अंदाज अनेक वर्षे तज्ज्ञांकडून करवून घेतले. ग्रामपंचायत शाळेच्या खोलीचे अंदाजपत्रक करताना विटा, सिमेंट व मजुरी वेगवेगळी मांडते. येथील रीतही तीच आहे. मोटारीसाठी ८० किलोवॅट शक्तीचा संच कल्पून त्याचे भाग कागदावर सुटे केले जातात. पातळ पटल, त्यावरील प्लॅटिनमचा थर, धातूची पत्रे, हवा दाबणारा कॉम्प्रेसर अशा प्रत्येक भागाचा कच्चा माल, यंत्राचा वेळ, मजुरी आणि जोडणी यांचा खर्च मांडून बेरीज केली जाते.

संख्येचे महत्त्व

सन २०१७ च्या अंदाजानुसार वर्षाला १,००० संच तयार केल्यास दर किलोवॅटला सुमारे १८० डॉलर खर्च येतो. एक लाख संच केल्यास ५० आणि पाच लाख केल्यास ४५ डॉलर. म्हणजेच एका संचाचा खर्च सुमारे १४,४०० डॉलरवरून ३,६०० डॉलरवर येतो. यंत्रसामग्रीचा खर्च अधिक नगांवर विभागला जातो आणि यंत्रे रिकामी राहत नाहीत, हे त्याचे प्रमुख कारण होय. प्लॅटिनम मात्र केवळ अधिक नग केल्याने स्वस्त होत नाही. म्हणूनच तेच काम कमी प्लॅटिनममध्ये करून घेण्यावर संशोधकांचा भर असतो.

अंदाज कसा वाचावा?

४५ डॉलर हा बाजारभाव नव्हे. त्यात हायड्रोजनची टाकी, विद्युत मोटर व बॅटरी धरलेली नाही; अंतिम निर्मात्याचा नफाही नाही. शिवाय वर्षाला पाच लाख संचांची मागणी गृहीत धरलेली आहे. मागणी नसेल तर किंमत उतरत नाही आणि किंमत उतरल्याविना मागणी वाढत नाही, हा खरा पेच आहे. सार्वजनिक पैसा अशा योजनेत घालावयाचा असेल, तर आकड्यासोबत दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत : किती नगांसाठी? आणि त्यात काय धरलेले नाही?